चिठ्ठी फेकणारा दुभाषी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘कंचेभागुबेव’ हा शब्द शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी विसरला जात नाही. आधी कंस सोडवायचा, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. कंसाचा मान पहिला. गणितात याला अपवाद नाही. आता एक गंमत सांगतो. १९७८ साली ‘सी’ या संगणकभाषेवरचं कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढं जगभरच्या प्रोग्रामरनी ते पोथीसारखं वापरलं. त्यात भाषेचा एक नियम असा होता, की बेरीज किंवा गुणाकार असलेली राशी कंपायलरनं हवी तशी उलटसुलट मांडली तरी चालेल, मग त्यात कंस का असेना! म्हणजे तुम्ही कंस घातलात, पण यंत्रानं तो पाळलाच पाहिजे असं बंधन नाही. ही मुभा काढून घ्यायला १९८९ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ‘सी’चं अधिकृत मानक ठरलं आणि कंसाला त्याचा मान परत मिळाला.

कंस मोडल्यानं एवढं काय बिघडतं, असं वाटेल. दोन आणि तीन आणि चार कशाही क्रमानं मिळवा, उत्तर नऊच. कागदावर हे खरं आहे, संगणकात नेहमी खरं नसतं. आजचा विषय तोच. आकडेमोड करणारे मोठमोठे प्रोग्राम आणि ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर यांच्यात गेली साठ-पासष्ट वर्षं एक ओढाताण चालू आहे. पुलाचं गणित, हवामानाचा अंदाज, रेणूंची रचना, बँकेची जोखीम हे सगळं या दोघांच्या समझोत्यावर उभं आहे, आणि त्याची बातमी सहसा कुठं छापून येत नाही.

कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसानं सूत्रासारख्या भाषेत लिहिलेला मजकूर तो यंत्राच्या शून्य-एकच्या भाषेत उतरवतो. १९५३ च्या अखेरीस आयबीएम कंपनीतल्या जॉन बॅकस या तरुण गणितज्ञानं वरिष्ठांना पत्र लिहून अशा दुभाष्यासाठी परवानगी मागितली. त्या काळी प्रोग्राम लिहिणं हे फार किचकट आणि महागडं काम होतं. बॅकसच्या गटाचा अंदाज होता सहा महिन्यांचा. लागली जवळपास तीन वर्षं. लोइस हेट, शेल्डन बेस्ट, रॉय नट अशी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसं त्यात होती. सगळ्यांची मिळून सुमारे अठरा मनुष्य-वर्षांची मेहनत झाली. १९५७ च्या एप्रिलमध्ये फोर्ट्रान बाहेर पडली. पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊसच्या एका प्रयोगशाळेत कार्डांचा एक गठ्ठा पोचला, सोबत माहितीपुस्तिका नाही. तिथल्या मंडळींनी ओळखलं, की हाच तो कंपायलर असणार. त्यांनी लगेच आपला प्रोग्राम घातला. दुभाष्यानं पहिलंच उत्तर दिलं ते चूक दाखवणारं: एके ठिकाणी स्वल्पविराम राहिला आहे! स्वल्पविराम घातला आणि प्रोग्राम चालला.

पण बॅकसच्या गटाला खरी धास्ती होती ती वेगाची. त्या काळचे कसलेले प्रोग्रामर म्हणत, यंत्र कधी माणसाइतका चपळ प्रोग्राम लिहू शकेल काय? हाती लिहिलेल्या प्रोग्रामपेक्षा फोर्ट्रानचा प्रोग्राम हळू पडला, तर कुणी ढुंकून पाहणार नाही, हे बॅकस ओळखून होता. म्हणून हा दुभाषी जन्मतःच चतुर निघाला. अनावश्यक पायऱ्या गाळायच्या, एकच काम दोनदा करायचं नाही, नोंदी शक्यतो यंत्राच्या हाताशीच ठेवायच्या. यालाच ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. पुढच्या साऱ्या कंपायलरांच्या अंगात हे रक्त आहे. पुढची भांडणंही त्यातूनच निघाली.

आपल्याकडे फोर्ट्रान लवकर आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली सुरू झाला, पण त्याला यंत्राच्याच भाषेत सूचना द्याव्या लागत. १९६४ साली तिथं सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हा देशभरातल्या संशोधकांना फोर्ट्रानमध्ये लिहिलेले प्रोग्राम चालवायला एक हक्काची जागा मिळाली. आयआयटी कानपूरला त्याच्या आदल्या वर्षी आयबीएम १६२० आला होता. छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, रबरबँड, गठ्ठा हातातून निसटला की क्रम लावताना होणारी तारांबळ. त्या पिढीतले प्राध्यापक अजूनही हे रंगवून सांगतात.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, एका दुकानदाराकडे अशी वही आहे, की तिच्यात कुठल्याही संख्येचे फक्त पाच अंक मावतात. शिल्लक आहे १२३४५ रुपये. गिऱ्हाइकानं चाळीस पैसे दिले. खरी बेरीज १२३४५.४, पण अंक झाले सहा. शेवटचा सोडून द्यावा लागतो. वहीत पुन्हा १२३४५. असं दहा हजार गिऱ्हाइकांनी केलं, तर गल्ल्यात चार हजार रुपये जास्त, आणि वहीत एक पैसाही वाढलेला नाही! संगणकाची वही पाच नव्हे, साधारण सोळा अंकांची असते. पण तो सेकंदाला अब्जावधी बेरजा करतो, त्यामुळे गळती तिथंही जमत जाते.

क्रमाचा प्रश्नही इथंच येतो. या वहीत आधी ०.४ आणि १२३४५ मिळवले व मग १२३४५ वजा केले, तर उत्तर शून्य. आधी १२३४५ मधून १२३४५ वजा करून मग ०.४ मिळवले, तर उत्तर ०.४. आकडे तेच, कंस वेगळा, उत्तर वेगळं. फोर्ट्रानच्या १९७७ च्या मानकानं कंस पाळलाच पाहिजे असं बजावलं होतं, ते उगीच नव्हे. अंकगणितवाले शास्त्रज्ञ ‘सी’कडे वळायला इतकी वर्षं का कां-कूं करत होते, याचं एक कारण मला तरी इथं दिसतं.

ही गळती पुस्तकी नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, १००० पासून. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं मोजला जाई आणि दशांशचिन्हापुढच्या तीन अंकांनंतरचं सगळं कापलं जाई. दिवसाला असे बदल सुमारे तीन हजार. बाजार बरा चाललेला, आणि निर्देशांक मात्र घसरतच चाललेला! नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ च्या आसपास होता. हिशेब दुरुस्त केल्यावर खरा आकडा निघाला १०९८ च्या वर. यात कंपायलरचा दोष नव्हता, प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा होता. पण जवळजवळ दोन वर्षं चुकीचा आकडा रोज जाहीर होत राहिला आणि यंत्रानं एकदाही ‘चूक’ म्हटलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यावर उपाय काढला विल्यम काहान यांनी. टोरांटोत शिकलेले, नंतर कॅलिफोर्नियात बर्कलीला गेलेले हे गणितज्ञ. १९६५ साली त्यांनी एक छोटी युक्ती प्रसिद्ध केली. आपल्या दुकानदाराच्या भाषेत सांगायचं, तर त्यांनी त्याला एक चिठ्ठी ठेवायला सांगितली. प्रत्येक बेरजेनंतर नव्या शिलकीतून जुनी शिल्लक वजा करायची, त्यातून मिळवलेली रक्कम वजा करायची, आणि जे उरेल ते चिठ्ठीवर लिहायचं. पहिल्या गिऱ्हाइकानंतर नवी शिल्लक १२३४५, जुनीही तीच, फरक शून्य, त्यातून ०.४ गेले, चिठ्ठीवर ‘उणे ०.४’. म्हणजे चाळीस पैसे वहीत चढायचे राहिले. पुढच्या वेळी ते भरून काढायचे. मग ०.८ मिळवले, वहीत १२३४६ झाले आणि चिठ्ठीवर ‘वीस पैसे जास्त चढले’ अशी नोंद. असं करत गेलं, की दहा हजार गिऱ्हाइकांनंतरही वही गल्ल्याशी जुळते. चार ओळींची युक्ती, पण आजही ती वापरात आहे.

आता दुभाषी काय करतो पाहा. तो शाळेतलं बीजगणित शिकलेला. तो म्हणतो, नवी शिल्लक म्हणजे जुनी अधिक मिळवलेली रक्कम. तिच्यातून जुनी वजा, मिळवलेलीही वजा. उरलं काय? शून्य. नेहमीच शून्य! मग दर वेळी ही वजाबाकी कशाला करायची? चिठ्ठी फेकून देतो. प्रोग्राम झपाझप धावतो, गळती पुन्हा सुरू होते, आणि लिहिणाऱ्याची समजूत अशी, की चिठ्ठी जागेवर आहे.

कंपायलर असं आपणहून करत नाहीत, हे सांगायला हवं. बहुतेकांना तशी मोकळीक द्यावी लागते. जीसीसी या मोफत कंपायलरमध्ये त्यासाठी ‘फास्ट-मॅथ’ नावाची कळ आहे. बाजारातल्या काही कंपायलरांत मात्र ही मोकळीक कमी-अधिक प्रमाणात आधीच दिलेली असते आणि ती बंद करावी लागते. आकडेमोडीच्या प्रोग्रामसाठी कंपायलरची मांडणी करायची, कळा नीट लावायच्या, म्हणजे बऱ्याच अंशी हेच करायचं: दुभाष्याला कुठं चतुराई करू द्यायची आणि कुठं ‘जसं लिहिलंय तसंच वाच’ म्हणायचं, ते ठरवायचं.

या कामाचा सगळ्यात मजेदार इतिहास मला सापडतो तो शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. इंग्लंडमधले जेम्स विल्किन्सन आणि त्यांचे युरोपातले सहकारी यांनी मॅट्रिक्सच्या गणिताच्या उत्तम पद्धती अल्गॉल भाषेत लिहून ठेवल्या होत्या. त्यांचं पुस्तक १९७१ साली आलं. आर्गॉनच्या मंडळींनी त्या फोर्ट्रानमध्ये उतरवल्या आणि ‘आइसपॅक’ हा संग्रह तयार केला. अडचण एकच. अशा पद्धतींना ‘आता पुरे, याहून बारीक या यंत्राला दिसत नाही’ हे कळावं लागतं. म्हणजे वहीत अंक किती, हे ठाऊक हवं. ते यंत्रागणिक वेगळं. सुरुवातीला ती संख्या प्रत्येक यंत्रासाठी हातानं भरावी लागे. कुणी विसरलं, की संपलं.

१९८३ च्या सुमारास ही संख्या यंत्राकडूनच काढून घेणारा एक इवलासा प्रोग्राम आइसपॅकमध्ये आला. युक्ती इतकी साधी, की कागदावर करून पाहता येते. चारला तीननं भागा. आपल्या पाच अंकी वहीत उत्तर १.३३३३. त्यातून एक वजा करा, ०.३३३३. तिप्पट करा, ०.९९९९. हे एकापेक्षा कितीनं कमी? ०.०००१ नं. हीच वहीची बारीकी! खऱ्या गणितात हे उत्तर शून्य यायला हवं. ते येत नाही, आणि जेवढं येत नाही तेवढीच आपल्याला हवी असलेली माहिती.

पण बीजगणित शिकलेल्या दुभाष्याच्या तावडीत हा प्रोग्राम सापडला तर? तो सगळं वाचून ‘शून्य’ लिहून मोकळा होईल, किंवा संख्या यंत्राच्या आत जास्त अंकांनिशी धरून ठेवील आणि भलतीच बारीकी सांगेल. म्हणून लिहिणाऱ्यांनी शेवटी एक ओळ टाकली: उत्तर शून्य आलं, तर मागं जा आणि पुन्हा कर. खरोखर मागं जायची वेळ यावी, असा हेतूच नव्हता. ती ओळ आणि तिच्यासाठी घातलेला ओळक्रमांक केवळ कंपायलरला वचकून ठेवण्यासाठी आहेत, असं त्या प्रोग्रामच्या टिपेत सरळ लिहिलेलं आहे. शेतात बुजगावणं उभं करावं, तशी ती ओळ.

१९९२ साली आइसपॅक आणि तिचं भावंड लिनपॅक यांची जागा ‘लॅपॅक’नं घेतली. आज मॅटलॅब, पायथनचे नमपाय-सायपाय किंवा ‘आर’ वापरून कुणी समीकरणं सोडवतो, तेव्हा आत बहुधा लॅपॅकच राबत असतं. त्यातही बारीकी मोजणारा भाग होता, आणि त्यात एक उपप्रोग्राम असा, की त्याचं काम दोन संख्यांची बेरीज करणं, बस्स. बेरजेसाठी वेगळा उपप्रोग्राम कशाला? तर दोन्ही संख्या आधी स्मृतीत लिहिल्या जाव्यात आणि दुभाष्यानं त्या आतल्या आत फिरवू नयेत, यासाठी. एवढ्यावरही विश्वास नव्हता. लॅपॅक बसवणाऱ्यांना स्पष्ट सूचना होती, की बाकी सगळ्या फायली कंपायलरची हुशारी चालू ठेवून उतरवा, पण ही एक फाइल हुशारी पूर्ण बंद ठेवूनच. त्यासाठी मांडणीच्या फायलीत वेगळी नोंद असे. ती न पाळणाऱ्याचा प्रोग्राम कधी कधी गरगर फिरत बसे, संपतच नसे. पुढं फोर्ट्रान भाषेनंच ही माहिती थेट विचारण्याची सोय दिली, आणि हा भाग नव्यानं साधासोपा लिहिला गेला.

दरम्यान काहाननी आणखी एक मोठं काम केलं होतं. प्रत्येक कंपनीचं अंकगणित वेगळं, हा गोंधळ मिटवणारं ‘आयट्रिपलई ७५४’ हे मानक १९८५ साली मंजूर झालं. त्यामागची मुख्य बुद्धी त्यांची. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. पण मानक आलं म्हणून तंटा मिटला, असं झालं नाही. इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपमध्ये आतल्या संख्या ८० बिटांच्या, बाहेर स्मृतीत त्या ६४ बिटांच्या. हेतू चांगला होता, आत जास्त अंक तर गळती कमी. पण संख्या आत राहणार की बाहेर जाणार, हे ठरवणार कंपायलर. परिणामी हुशारी चालू असताना उत्तर एक, बंद असताना दुसरं. चूक शोधायला मधे उत्तर छापण्याची एक ओळ घातली, की संख्या बाहेर लिहिली जाई आणि चूक गायब! डॉक्टरांच्या दारात पोचताच ताप उतरावा, तसं. जीसीसीच्या तक्रारवहीत २००० साली ही तक्रार ३२३ क्रमांकावर नोंदली गेली आणि पुढं कित्येक वर्षं लोक तीच तक्रार नव्या नव्या शब्दांत करत राहिले. ६४ बिटांच्या संगणकांनी गणिताची वेगळी पद्धत स्वीकारल्यावर ती हळूहळू शमली.

आणखी एका भांडणाचा उल्लेख करायला हवा. आपल्या विद्यार्थ्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. मॅटलॅब मुळात क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांसाठी लिहिलं. आइसपॅक-लिनपॅक वापरता यावं, पण फोर्ट्रान शिकावी लागू नये, एवढाच हेतू. ते स्वतः फोर्ट्रानमध्ये होतं. १९८४ साली कंपनी निघाली तेव्हा ते ‘सी’मध्ये नव्यानं लिहिलं गेलं. नंतर वापरणाऱ्याला आपला ‘सी’ किंवा फोर्ट्रानमधला प्रोग्राम आत जोडायची सोय ‘मेक्स’ नावानं आली, आणि तिच्यासोबत एक नवी कटकट: आधी संगणकावर चालणारा कंपायलर शोधा, मग मॅटलॅबला तो दाखवा. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं ज्याचा प्रसार केला, त्या सायलॅबलाही असं जोडकाम करायचं तर कंपायलर लागतोच.

‘कंपायलर सापडला नाही’ असा संदेश आला, की मुलं हिरमुसतात. मला तो संदेश प्रामाणिक वाटतो. फसवणूक होते ती कंपायलर सापडल्यावर. फोर्ट्रान गुणांचा तक्ता उभ्या रांगांनी साठवते, ‘सी’ आडव्या. मोजणी फोर्ट्रान एकपासून करते, ‘सी’ शून्यापासून. जोडताना हे विसरलं, तर विद्यार्थ्याचे गुण विषयाचे होतात आणि विषयाचे विद्यार्थ्याचे. तक्ता दोन्ही बाजूंनी सारखा असेल, तर चूक दिसतही नाही. फोर्ट्रानचा जुना मोफत कंपायलर जी-७७ आणि २००५ पासून त्याच्या जागी आलेला जीफोर्ट्रान, या दोघांची काही उत्तरं परत देण्याची रीतही वेगळी होती. एकानं उतरवलेला संग्रह दुसऱ्यानं उतरवलेल्या प्रोग्रामला जोडला, तर जोडणी बिनतक्रार व्हायची आणि बेरीज मात्र भलतीच यायची.

हे सगळं जुन्या काळचं, असं समजू नका. २०२२ साली एका संशोधकानं दाखवून दिलं, की पायथनच्या सार्वजनिक भांडारातली काही पॅकेजेस ‘फास्ट-मॅथ’ची कळ दाबून उतरवलेली आहेत. ज्यानं उतरवलं त्याच्यापुरता हा प्रश्न राहिला असता, पण जीसीसीची त्या काळची रीत अशी, की असं पॅकेज नुसतं आत घेतलं, तरी प्रोसेसरची मांडणीच बदले. अतिसूक्ष्म संख्या तिथून पुढं थेट शून्य धरल्या जात. तो बदल त्या पॅकेजपुरता राहत नसे. शेजारी चाललेल्या दुसऱ्याच कुणाच्या काळजीपूर्वक लिहिलेल्या गणितालाही तो लागू होई. काही पॅकेजांचा तर आकडेमोडीशी संबंधही नव्हता. वेग वाढेल, या आशेनं कुणीतरी कळ दाबली होती, इतकंच. २०२३ साली आलेल्या जीसीसीच्या तेराव्या आवृत्तीत अशा जोडल्या जाणाऱ्या संग्रहांपुरती ही रीत बंद करण्यात आली. त्याआधी उतरवून ठेवलेल्या फायली मात्र ज्या संगणकांवर पडून आहेत, तिथं त्या पुन्हा उतरवल्याशिवाय बदलणार नाहीत.